बोटं सांभाळा
कोल्हापूरची शिरोली असो की पुण्याची भोसरी, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पोलादी प्लेट रोजचीच. एक मीटर लांब, तेवढीच रुंद आणि १० मिलिमीटर जाड. जाडी बोटाहून कमी, पण वजन ७८ किलो! उचलताना कंबर धरते हे खरंच. पण बोटं चिरडतात ती प्लेट खाली ठेवताना. म्हणून आधी जमिनीवर लाकडी ठोकळे मांडा, मगच ती टेका. अंगठी घरीच राहू द्या. आणि दुर्दैवानं बोट तुटलंच, तर तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका. जखमीबरोबरच तो लगेच रुग्णालयात न्या.