रुग्णशय्येवरील व्यायाम आणि आभासी वास्तव

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेने योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानातील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपणांपुढे विचार मांडण्याची संधी मला दिलीत, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खाटेवरच्या माणसाला उठवून बसविणे, बसलेल्याला उभे करणे आणि उभ्या राहिलेल्याला चालते करणे, हाच माझा गेल्या पंचवीस वर्षांचा व्यवसाय.

विश्वस्तांनी मला विषय दिला तो एका प्रश्नाच्या रूपाने. आपल्या रुग्णसाहित्य केंद्रातून वॉकर, चाकाची खुर्ची, पाठ उचलता येणारी खाट या वस्तू गरजूंना दिल्या जातात. आता एका दानशूर कुटुंबाने या केंद्राला ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ची, म्हणजे आभासी वास्तवाची यंत्रे देण्याची इच्छा प्रकट केली आहे. रुग्णांना व्यायामाची गोडी लागावी, हा त्यामागील हेतू. ही देणगी स्वीकारावी काय, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. परंतु त्या उत्तरापर्यंत मी कसा पोहोचलो, हे आधी सांगणे आवश्यक वाटते.

आजारी माणसाने पडून राहावे, ही आपल्या सर्वांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. घरातले माणूस रुग्णालयातून आले की आपण त्याला पाणीसुद्धा हातात देतो. यात प्रेम आहे, पण या प्रेमाची किंमत रुग्णाचे शरीर मोजत असते. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिला. शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसात कफ साचतो, पाठीला शय्याव्रण पडतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडे ठिसूळ होतात आणि मनही खचते, असे त्यांनी एकेक करून दाखविले.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतील डलास येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे केवळ अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली, त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. हे धडधाकट तरुणांचे झाले. सत्तरीतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या वा पक्षाघाताने ग्रासलेल्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना आपण करावी.

मग रुग्ण व्यायाम का करीत नाहीत? याचे उत्तर मला पुस्तकाने दिले नाही. ते माझ्या वडिलांनी दिले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांचे धान्याचे आडत दुकान होते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मी स्वतः या शास्त्रातला. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या खाटेशी बसून मी मऊ चेंडू त्यांच्या हातात देई आणि तो दाबायला सांगे. दोन-चार वेळा दाबून ते चेंडू बाजूला ठेवीत. “मी काय लहान मूल आहे का चेंडू खेळायला? उद्या बघू,” असे म्हणत आणि तोंड भिंतीकडे करीत. मी रागावे, समजावी, भीती दाखवी. असे सहा आठवडे गेले. परक्या रुग्णांना उभे करणारा मी, माझ्या वडिलांची मूठ उघडू शकलो नाही.

अण्णा आळशी नव्हते. उभे आयुष्य त्यांनी पहाटे पाचला उठून काम केले होते. परंतु हात हलविला की दुखते, हलविला तरी काही घडत नाही, आणि जे करावयाचे त्याला काही अर्थ दिसत नाही, अशा तिहेरी अडचणीत ते होते. पक्षाघातानंतर मेंदूला नवी वाट घडवावयाची, तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील एका निरीक्षणात मात्र असे दिसले की, उपचाराच्या एका बैठकीत रुग्णाकडून हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी केवळ ३२ वेळा होतात. गरज शेकड्यांची आणि घडतात तिसाच्या घरात! ही दरी भरून काढण्यासाठीच आभासी वास्तवाचा विचार पुढे आला.

हे आभासी वास्तव म्हणजे काय? पोहण्याच्या चष्म्यासारखे, पण जरा मोठे असे यंत्र डोळ्यांवर बांधतात. दोन डोळ्यांपुढे दोन किंचित भिन्न चित्रे येतात, त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळविली की दृश्यही वळते. त्यामुळे आपण रुग्णालयाच्या खोलीत नसून बागेत वा नदीकाठी आहोत, असा भास होतो. कल्पना नवी नाही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावावयाचे असे यंत्र बनविले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज ते पुष्कळच हलके झाले आहे.

रुग्णांसाठी त्याचा जो आरंभीचा उपयोग झाला, तो मला फार बोलका वाटतो. भाजलेल्या रुग्णाची नवी त्वचा आखडत जाते. रोज सांधे ताणले नाहीत, तर हात कोपरात कायमचा वाकडा राहतो. पण ते ताणणे म्हणजे असह्य यातना. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी या रुग्णांसाठी ‘स्नो वर्ल्ड’ नावाचे हिमाचे जग निर्माण केले. आगीत होरपळलेला रुग्ण त्या बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर, पेंग्विन पक्ष्यांवर बर्फाचे गोळे फेकतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १२ रुग्णांनी तीन मिनिटे या यंत्रासह व तीन मिनिटे यंत्राविना सांध्यांचा व्यायाम केला. यंत्रासह व्यायाम करताना वेदना पुष्कळच कमी जाणवल्याचे रुग्णांनी सांगितले. कारण साधे आहे. वेदना जाणवण्यासाठीही लक्ष द्यावे लागते, आणि ते लक्ष आभासी जगात गुंतले होते. वेदना कमी झाल्याने सांधा अधिक मोकळा होतो काय, याविषयीचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी याच तंत्राने झाडावरची फळे तोडणे, चेंडू अडविणे, फडताळात भांडी लावणे असे खेळ तयार झाले. खाटेशी जोडलेले पायडल मारताना समोर रस्ता पुढे सरकतो. प्रत्येक हालचालीला तत्काळ प्रतिसाद मिळतो, मोजदाद होते, काल वीस फळे तोडली आणि आज पंचवीस, हे रुग्णाला स्वतः दिसते. चेंडू दाबून अण्णांना जे मिळत नव्हते, ते हेच.

मग याने रुग्ण अधिक लवकर बरे होतात काय? ‘कॉक्रेन’ ही जगभरातील वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था आहे. तिने २०१७ साली अशा ७२ प्रयोगांचा, म्हणजे २,४७० रुग्णांचा आढावा घेतला. नेहमीच्या व्यायामाच्या जागी हे यंत्र वापरले, तर हाताला विशेष अधिक लाभ होत नाही. मात्र नेहमीच्या व्यायामात त्याची भर घातली आणि एकूण व्यायाम वाढला, तर लाभ होतो, असा त्या वेळचा निष्कर्ष होता. त्यानंतर पुष्कळ प्रयोगांची भर पडली. २०२५ मधील नव्या आढाव्यात नेहमीच्या उपचारांशी तुलना करता हाताला थोडा अधिक लाभ दिसला आहे. तो लाभ थोडा आहे, हा शब्द विसरू नये.

याहून मला विचार करावयास लावले ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने. कॅनडातील डॉ. गुस्ताव्हो सपोस्निक यांच्या नेतृत्वाखाली चार देशांतील १४१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाने पडद्यावर खेळावयाच्या यंत्रावर व्यायाम केला. दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे असे घरगुती खेळ दिले. दोन आठवड्यांत एकेक तासाच्या दहा बैठका झाल्या. शेवटी दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले! महागड्या यंत्राने जे केले, तेच पत्त्यांच्या जोडाने केले.

हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला अण्णा आठवले. सातव्या आठवड्यात माझा आठ वर्षांचा मुलगा दुकानातून तुरीची एक वाटी घेऊन त्यांच्या खाटेवर बसला आणि म्हणाला, “आजोबा, मुनीमकाका म्हणतात ही तूर चांगली नाही. तुम्ही बघून सांगा ना.” अण्णांनी सवयीने उजवा हात पुढे केला. बोटे वळेनात, म्हणून डाव्या हाताने ती वळवली. दाणे निसटले, पुन्हा उचलले. पाऊण तास ते दोघे खडे, काडी आणि किडका दाणा वेगळा काढीत होते. मी दारात उभा राहून मोजत होतो. शंभर झाल्यावर मला पुढे मोजवेना. दुसऱ्या दिवशी हरभरा आला, तिसऱ्या दिवशी गहू आला. अण्णा सकाळपासून नातवाची वाट पाहू लागले.

अण्णांचा हात पुढे जेवण्यापुरता सुधारला. वहीत हिशेब लिहिण्याइतका तो कधीच झाला नाही. पहिले सहा आठवडे सर्वांत मोलाचे असतात, आणि ते मी गमावले होते. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. परंतु मी तज्ज्ञ म्हणून त्यांना काय करावे ते सांगत राहिलो, मुलगा म्हणून तुम्हाला काय करावेसे वाटते, हे विचारले नाही, ही खंत माझ्या मनात आजही आहे.

आता देणगीच्या प्रश्नाकडे येतो. देणगी अवश्य स्वीकारावी, पण काही पथ्ये पाळून. यंत्र घरी उचलून नेण्यासाठी देऊ नये. ते केंद्रात असावे आणि प्रशिक्षित व्यक्ती शेजारी असतानाच वापरावे. डोळ्यांपुढचे जग हलते आणि शरीर स्थिर असते, त्यामुळे काहींना मळमळते, घेरी येते. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून आरंभ बसूनच करावा. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना भ्रम होतो, ज्यांच्या डोळ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीविना ते लावू नये. एकाने वापरल्यावर ते निर्जंतुक करूनच दुसऱ्यास द्यावे. आरंभी दहा मिनिटे पुरेत.

आणि माझी खरी विनंती अशी आहे की, यंत्रांच्या संख्येहून अधिक माणसांची नोंदणी करावी. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. आठवड्यातून दोन तास एका रुग्णाशेजारी बसण्याची तयारी प्रत्येकी एकाने दाखविली, तर केंद्राच्या कपाटात यंत्रे धूळ खात पडणार नाहीत. रुग्ण सुतार असेल तर त्याच्या हाती पॉलिश कागद द्या, सुगरण असेल तर पोळीचा गोळा द्या, आणि ज्याला कशातच रस उरला नाही, त्याच्या डोळ्यांवर ते यंत्र लावून त्याला एकदा नदीकाठी नेऊन आणा. परतल्यावर त्याला “काय पाहिलेत?” असे विचारणारे माणूस मात्र शेजारी असू द्या.

आज घरी गेल्यावर आपल्या घरात वा शेजारी कोणी खाटेवर असेल, तर त्यांना पाण्याचा पेला हातात न देता, हात लांबवून घेता येईल एवढ्या अंतरावर ठेवावा आणि ते तो घेईपर्यंत जवळ थांबावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.