एक दिवस खाडा पडला तर



शाळा सुरू झाली की घरोघरी भिंतीवर नवे वेळापत्रक लागते. पहाटे पाचला उठायचे, रोज चार तास अभ्यास करायचा! आठ दिवस ते पाळले जाते. मग घरात लग्न निघते, पाहुणे येतात आणि एक दिवस खाडा पडतो. वडील म्हणतात, "संपला उत्साह?" मुलालाही वाटते, आता संपलेच. माझ्या मते खरे नुकसान खाड्याने होत नाही, या टोमण्याने होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडून ती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाच्या बाबतीत हा अंदाज १८ दिवसांचा, तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांनो, काम लहान घ्या. रात्रीचे जेवण झाले की एक पान वाचा. वर्षाची ३६५ पाने होतात. दहावीस पाने चुकली तरी बाकीची आपलीच.

पालकांनो, खाडा पडला तर कालचा हिशेब विचारू नका. जेवण झाल्यावर मुलाच्या हाती पुस्तक द्या आणि शेजारी बसून आपणही एक पान वाचा.