पहिली चार मिनिटे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी शाळा अर्धवट सोडलेला कामगार-कार्यकर्ता. वैद्यकातले मला जे कळते ते प्रथमोपचाराच्या वर्गात आणि पुस्तके वाचून कळलेले. तेव्हा एवढेच बोलतो : शेजारचा माणूस कोसळला, तर पहिल्या चार मिनिटांत आपण काय करावे?

तीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात हेल्पर होतो. ओल्या फरशीवर वेल्डिंग करताना आमच्या एका सोबत्याला विजेचा धक्का बसला. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेवढे बरोबर झाले. पुढे आम्ही वीस-पंचवीस जण त्याच्याभोवती कडे करून उभे! एकाने कांदा फोडून नाकाला लावला, एकाने तोंडावर पाणी मारले, मी तळवे चोळीत बसलो. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी होती. तिला कुलूप होते आणि किल्लीवाले साहेब जेवायला गेले होते. तो गेला. पुष्कळ वर्षांनी मला कळले की, त्या पेटीत त्याला वाचवील असे काही नव्हतेच. जे हवे होते ते आमच्या हातांत होते.

विजेच्या धक्क्याने हृदय पुष्कळदा नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलीत नाही. प्राणवायू तुटला की चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. तितक्यात रुग्णवाहिका येतेच असे नाही. मग हृदयाचे काम बाहेरून कोणी करायचे?

याचे उत्तर 1960 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतून आले. कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिले की, छाती न उघडता, वरून दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. यातले कौवेनहोवन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनियर होते. तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने मरत, म्हणून वीज-कंपन्यांनी त्यांच्या संशोधनाला पैसा पुरवला होता. म्हणजे ही विद्या मुळात कामगारांच्या मरणातून निघाली, आणि आम्हांलाच ती ठाऊक नव्हती!

आता कृती. आधी वीज तोडा. ती तुटल्याखेरीज अंगाला हात लावू नका. उच्च दाबाच्या तारेजवळ तर जाऊच नका. मग खांदे हलवून हाक मारा. ओ नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने 108 किंवा 112 ला फोन करावा. मधूनच आचके येतात, त्यांना श्वास समजू नका. तिथेच लोक फसतात. माणसाला कठीण जमिनीवर उताणा निजवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर वेळी ती पुरती वर येऊ द्या. शिकलेल्याने तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत; न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. दोन मिनिटांत दम जातो, म्हणून पाळी बदला. फासळी मोडेल म्हणून थांबू नका, फासळी जुळते. जखमेतून रक्त वाहत असेल, तर हळद-राख न लावता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. तिच्यावर प्रथमोपचाराचा दाखला असलेला, कामाच्या वेळेत सदैव हजर असणारा माणूसही सांगितला होता. आमच्याकडे कुलूप हजर होते.

मालकाला बोल लावणे मला सोपे आहे. तो माझा धंदाच आहे. पण त्या वर्षीच्या आमच्या मागणीपत्रात बोनस होता, कॅन्टीनच्या चहाचा दर होता. प्रथमोपचाराच्या शिक्षणाचे एक कलम नव्हते. त्याच्या विधवेला भरपाई मिळावी म्हणून आम्ही गेटवर बसलो आणि ती मिळवली. ती रक्कम हाती घेताना त्या बाईने मला विचारले, "भाऊ, तुम्ही सगळे तिथंच होता ना?"

तेव्हापासून मी प्रत्येक करारात भरपगारी वेळेतला प्रशिक्षणवर्ग मागतो. कुठे मिळतो, कुठे "उत्पादन बुडते" म्हणून नाकारतात; आमचेही काही सभासद तो तास चहात घालवतात.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला सरावाचा रबरी बाहुला ठेवला आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर लगेच उठू नका. एकेकाने या आणि दोन मिनिटे दाबून पाहा. बायकांनी आधी यावे. घरात कोणी कोसळले, तर जवळ बहुधा त्याच असतात.