बाबांचा कोट



संयोजकांनी मला आयटीतल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. पण आपल्यातले निम्मे आयटीतच आहेत, म्हणून मी आज फोटोंच्या नादाबद्दल बोलते.

2019 साली माझे बाबा गेले. तेराव्याला ठेवायला फोटो शोधू लागलो, तर धड एकही मिळेना. घरात फोटो काढणारे तेच, त्यामुळे ते स्वतः कुठल्याच फोटोत नव्हते. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने त्याला कोट-टाय चिकटवून दिला. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता.

आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवून मी कॅमेरा, एक फ्लॅश, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स घेतला. पहिले फोटो भयंकर आले. फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावलेला, त्यामुळे चेहरा पोळीसारखा सपाट आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. घरचे मॉडेल व्हायला कंटाळले, तेव्हा स्टुलावर नारळ ठेवून सराव केला. नारळ तक्रार करत नाही.

नोकरीतली एक सवय कामी आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दिवा समोरून काढून बाजूला, साधारण 45 अंशांवर, डोक्याच्या थोडा वर नेला, तर नारळाला गोलाई आली. तीन फुटांवरचा दिवा सहा फुटांवर नेला, तर उजेड निम्मा नाही, पाव झाला. शिवाय सावलीची कडही करकरीत झाली. मऊ उजेड हवा तर दिवा मोठा आणि जवळ हवा, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, की सावली हलकी होते.

मग आईला बसवलं, तर चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन! तासभर खटपट केली. आणि सर, अचानक तुमचा पिवळा खडू आठवला. आपाती कोन बरोबर परावर्तन कोन. फळ्यावरची ती आकृती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. दिवा वर चढवला, आईला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. चौकोन गायब. तीस वर्षांनी तो धडा मला समजला.

उजेड जमला, पण आई मात्र पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ. वीस फोटो वाया गेले. मी वैतागून कॅमेरा खाली घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अगं, गॅस बंद केलास का?" आणि स्वतःच हसली. बोट दाबलं गेलं. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. डाव्या गालावर थोडी सावली जास्त पडली आहे, पण आई आईसारखी दिसते. तिला मी आधीच सांगून ठेवलं आहे, हा हाराचा फोटो नाही, रोज बघायचा आहे.

आज मी तोच दिवा सोबत आणला आहे. आपल्या जुन्या वर्गात, खिडकीजवळ लावून ठेवला आहे. जेवणानंतर सगळ्या सरांनी आणि बाईंनी पाच-पाच मिनिटं तिथे यावं, ही विनंती. मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही या. फोटो मी प्रत्येकाच्या घरी पाठवीन.

आणि हो, कोट घालायची गरज नाही.