‘मला ओळखलंत का?’



नोव्हेंबर १९०१. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर पलंगावर बसली आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर प्रश्न विचारतात, उत्तरं लिहून घेतात. नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. दुपारच्या जेवणात ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात असते. काय खाताय असं विचारल्यावर सांगते, पालक. १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत तिची हकीकत मांडली आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

असे प्रश्न विचारणं हे डॉक्टरचं कामच होतं. निदानासाठी ते आजही विचारावे लागतात. वाईट याचं वाटतं, की तेच प्रश्न दवाखान्यातून उठून आपल्या घरात येऊन बसले.

पुण्याहून भाचा भेटायला येतो. चप्पल काढता काढता त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मावशी, ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?’ मावशी हसते, ‘न ओळखायला काय झालं!’ म्हणून वेळ मारून नेते. पण भाचा सोडत नाही, ‘मग नाव सांग.’ मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागते. घरातली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि ते बघणं मात्र तिला नेमकं कळतं. हाच भाचा शेजारी बसून म्हणाला असता, ‘मावशी, मी ताईचा धाकटा. तुझ्या आवडीचा आलेपाक आणलाय,’ तर त्या भेटीत कुणीच नापास झालं नसतं.

ही एकट्या मावशीची गोष्ट नाही. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांत होणारा स्मृतिभ्रंश, असावा, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त. यातल्या बहुतेकांना सांभाळतात ती घरचीच माणसं, आणि त्यातही लेकी-सुना.

‘भेटून उपयोग काय, लक्षात तर राहत नाही,’ असं म्हणणाऱ्यांसाठी आयोवा विद्यापीठातला २०१४ चा एक अभ्यास सांगायलाच हवा. अल्झायमरच्या १७ रुग्णांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी प्रसंग दाखवले. काय पाहिलं हे थोड्याच वेळात त्यांच्या मनातून जवळजवळ पुसलं गेलं. त्यातून आलेली भावना मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होती. ज्यांना कमी आठवलं, त्यांचं दुःख जास्त वेळ रेंगाळलं. सकाळी सुनेनं केलेला त्रागा सासूबाई विसरतील, पण मन खट्टू का झालंय हे न कळता त्या बराच वेळ कोपऱ्यात बसून राहतील.

आता संध्याकाळचे साडेपाच. ‘मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल.’ आजी पिशवी घेऊन दाराशी उभ्या. ‘अहो, हेच तुमचं घर! आई जाऊन चाळीस वर्षं झाली,’ हे उत्तर खरं आहे आणि क्रूरही आहे, कारण त्या बाईंना आईच्या मृत्यूची बातमी आत्ता, दारात, नव्यानं कळते. उद्या संध्याकाळी पुन्हा कळेल. त्याऐवजी ‘आईची आठवण येतेय का? ती काय करायची संध्याकाळी?’ असं विचारून पाहावं. बोलता बोलता चूल येते, तुळशीपुढचा दिवा येतो, पिशवी हातातून खाली ठेवली जाते. क्लीव्हलँडच्या वृद्धाश्रमात लहानाच्या मोठ्या झालेल्या नेओमी फाइल यांनी हीच वाट धरून ‘व्हॅलिडेशन’ पद्धत घडवली. तिच्या परिणामाचे पुरावे अपुरे आहेत, असं वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा सांगतो. ते मान्य करूनही, रोज सायंकाळी एखाद्याला पोरकं करण्यापेक्षा ही वाट निश्चित बरी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले, स्मृती हरपत चाललेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. अमृता सुभाष यांची चन्नम्मा त्यांना सांभाळून घेते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, म्हणून ती हरपल्याचा हिशोबही तिच्यापाशी नाही. समोर आहे तो माणूस तिला पुरतो. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मात्र माया म्हणजे बोबडं बोलणं नव्हे. ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात बजावलं होतं, की माणसाला लहान मूल ठरवणं, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखं बोलणं, यानंही माणसाचं नुकसान होतं. निवृत्त हेडमास्तरांना ‘शाब्बास, शहाणं बाळ’ म्हणणारा अटेंडंट दुष्ट नसतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

आणि बोलणं तुटलं, की आधी शरीर तपासावं. कानाच्या यंत्राचा सेल संपलाय का? दाताची कवळी टोचतेय का? आंघोळीला हात लावताच मारायला धावणाऱ्या आजोबांचा खांदा दुखत असेल, पोट साफ नसेल. कालपर्यंत बरी असलेली व्यक्ती दोन दिवसांत भ्रमिष्ट झाली, तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवं औषध हेही कारण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

१९९२ मध्ये केरळात ‘एआरडीएसआय’ ही अल्झायमरग्रस्तांसाठीची संस्था उभी राहिली, तेव्हापासून आपल्याकडे कुटुंबांना आधार देणारं काम हळूहळू वाढलं. पण रुग्णाला सांभाळायला ब्युरोतून बारा तासांच्या पाळीवर येणारी मावशी आजही कसल्याही शिक्षणाविना येते, आणि निदान झाल्यावर कुटुंबाच्या हाती फक्त गोळ्यांची चिठ्ठी पडते. म्हणून या परिषदेनं ठराव करावा, की मेमरी क्लिनिकमध्ये निदानाच्या दिवशीच पंधरा मिनिटं कसं बोलायचं हे शिकवण्यासाठी राखून ठेवावीत. ती घरच्यांसाठी असावीतच, आणि रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ बसणाऱ्या त्या मावशीलाही त्या खोलीत बोलवावं, तिच्या त्या दिवसाच्या पगारासकट.