कोंबड्याच्या तुऱ्यासारखा निवडुंग



आपल्या अंगणातलं कोंबड्याचं फूल सगळ्यांना माहीत आहे. लालभडक, मखमलीसारखं, वरच्या कडेला चुण्या पडलेलं. निवडुंगालाही कधीकधी असाच तुरा येतो. रोपवाटिकेत त्याला ‘क्रेस्टेड कॅक्टस’ म्हणतात, आम्ही गटात तुऱ्याचा निवडुंग म्हणतो. कुठला पंख्यासारखा पसरतो, तर कुठला मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा असतो. साध्या निवडुंगापेक्षा त्याची किंमत बरीच जास्त असते. आमचं गाव कमी पाण्याचं. गटातल्या आम्ही काहीजणी परसदारी ही रोपं वाढवतो आणि विकतो. त्याबद्दल आज सांगणार आहोत.

आधी हा तुरा येतो कसा ते पाहू. साध्या निवडुंगाची वाढ शेंड्यावरच्या एका ठिपक्यातून होते. तुऱ्याच्या निवडुंगात त्या ठिपक्याची रेघ होते. रेघ लांबत जाते, जागा पुरत नाही, मग लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या पडतात. शेंड्याला इजा झाली, कीड लागली, थंडी बाधली किंवा झाडातच मुळात बदल झाला, तर असं होऊ शकतं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. कोंबड्याचं बी पेरलं की पुन्हा तुरा येतो. निवडुंगाच्या बियांचा मात्र तसा भरवसा नाही. म्हणून तुऱ्याचा तुकडा कापून त्याचं कलम करावं लागतं. रोप महाग असतं ते यामुळेच. पण कलम हाताने करायचं काम आहे आणि हात आपल्याकडे आहेत.

कलमाला खुंट लागतो. त्यासाठी ड्रॅगन फ्रूटची फांदी चालते, कारण ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच आहे. सांगली, सोलापूरकडच्या दुष्काळी भागात आता त्याच्या बागा झाल्या आहेत. फळं संपली की छाटणी होते आणि फांद्या बांधावर पडतात. डाग नसलेल्या फांद्या मागून आणाव्यात. वीतभर लांबीचे तुकडे करून आठवडाभर सावलीत सुकवावेत आणि मग लावावेत. मुळं धरली की फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत कलम करावं. पावसाळ्यात करू नये.

नवं धारदार पातं स्पिरिटने पुसून घ्या. खुंटाचा शेंडा आडवा, सपाट कापा. तिन्ही धारांच्या कडा थोड्या उतरत्या तासा, नाहीतर मधला भाग सुकून खोलगट होतो. तुऱ्याचा दोन बोटं रुंदीचा तुकडा घ्या. वरची वाढती कड त्यात आलीच पाहिजे. दोन्ही काप ओले असतानाच एकमेकांवर बसवा. कापात मध्यभागी जी शिरांची खूण दिसते, ती दोन्हीकडची कुठेतरी एकमेकींना भिडली पाहिजे. वरून रबर बँड आडवे-उभे लावा, घट्ट पण कापणार नाहीत असे. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, कापावर पाणी पडू देऊ नका. मग बँड सोडा. तुकडा टवटवीत राहिला तर कलम धरलं.

आता निगा. हे रोप जास्त करून पाण्यानेच मरतं. आपल्याला रोज तुळशीला पाणी घालायची सवय असते. ती सवय इथे नको. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्या. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत आणखी उशिरा. पाणी कुंडीच्या कडेने घाला. तुऱ्याच्या घड्यांत ते साचलं की कूज लागते. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्याही आत, छपराखाली घ्या. नुसती काळी माती वापरू नका. पोयट्यात तेवढीच जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिसळा. कुंडीला भोक हवंच. सकाळचं ऊन द्या, दुपारच्या कडक उन्हात हिरवी जाळी बांधा.

घड्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून काढा. कूज दिसली तर निरोगी भाग लागेपर्यंत कापा आणि गंधकाची भुकटी लावा. कधी तुऱ्यातूनच एखादा साधा, सरळ फुटवा निघतो. तो जोमाने वाढतो आणि तुऱ्याला मागे टाकतो. त्याला बुडातून काढा, मात्र फेकू नका. लावला की साध्या निवडुंगाचं रोप मिळतं.

लेकराबाळांच्या घरासाठी एक गोष्ट महत्त्वाची. गुलाबी-पांढऱ्या कडांचं, पंख्यासारखं एक रोप बाजारात कॅक्टस म्हणून विकतात. ते आपल्या शेराच्या कुळातलं, युफोर्बिया आहे. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर आग होते, नजरेलाही धोका असतो. ते कापताना हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा. ड्रॅगन फ्रूटवर त्याचं कलम धरत नाही, त्याला त्याच्याच कुळातला खुंट लागतो.

शेवटी पैशाचं. किंमत ऐकून गटाची बचत एकदम यात घालू नका. पहिल्या वर्षी एकच चांगलं रोप घ्या. एक पावसाळा जगवा. त्याची दोन-तीन कलमं धरली की मग विक्रीचा विचार करा, आणि मूळ रोप कधी विकू नका. विकताना गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: हे कलम आहे, खुंट काही वर्षांनी थकतो तेव्हा नव्या खुंटावर घ्यावं लागेल, पाणी कधी घालायचं, साधा फुटवा कसा काढायचा. काही ठिकाणी निवडुंगावर डिंकाने सुकी फुलं चिकटवून विकतात. आपण ते करायचं नाही. ज्या बाईचं रोप वर्षभर जगतं, तीच पुढच्या वर्षी शेजारणीला घेऊन येते.

तुमच्या शिवारात ड्रॅगन फ्रूटची बाग असेल तर यंदाच्या छाटणीआधीच मालकाच्या कानावर घालून ठेवा.