खारेपाटाची शेती आणि बांधाचे शिक्षण



सूसच्या टेकड्यांवर पडणारे पावसाचे पाणी ओढ्यांवाटे मुळा नदीस मिळते आणि मुळा-मुठा, भीमा व कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागरास जाते. याच मुळेच्या वरच्या अंगाचे पाणी मात्र मुळशीच्या धरणात अडवून पश्चिमेस वळविलेले आहे. घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरून भिरा येथे त्यावर १९२७ पासून वीज निर्माण होते. या धरणात जमिनी बुडणार म्हणून १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. हा इतिहास मुळशीच्या मुलांस सांगितला जातो. पण ते पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ते कुंडलिका नदीत उतरते, कोलाड-रोह्याच्या बाजूस कालव्यांनी भातशेतीस मिळते आणि उरलेले रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रास जाते. त्या पाण्याच्या मागोमाग मुलांचे मन खाडीपर्यंत न्यावे, म्हणजे मावळाहून अगदी निराळी शेती त्यांच्या दृष्टीस पडेल.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, पेण व अलिबाग तालुक्यांतील खाड्यांच्या काठी जो सखल प्रदेश आहे त्यास खारेपाट म्हणतात. तेथे दिवसातून दोन वेळा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती बेताचीच असते. तेथील पुष्कळ शेते उधाणाच्या पातळीखाली आहेत. पूर्वजांनी खाडीच्या चिखलमातीचे बांध घालून ती समुद्रापासून मिळविली. मावळातील खाचराचा बांध पाणी आत धरून ठेवतो. खारेपाटाचा बांध पाणी बाहेर ठेवतो. त्या बांधात जागोजाग उघाड्या असतात. भरतीच्या दाबाने उघाडीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की शेतातील पाण्याच्या दाबाने ती उघडून पावसाचे पाणी खाडीत जाते.

या शेतीचा खरा आधार पाऊस आहे. उन्हाळ्यात जमिनीतील ओल वर येऊन वाळते व तिच्याबरोबर आलेले मीठ पृष्ठभागावर पांढरे दिसू लागते. मृगापासूनचे पाणी ते मीठ विरघळवून उघाडीवाटे बाहेर नेते. जमीन अशी धुऊन निघाल्यावरच भात उभे राहते. म्हणून येथे बहुधा भाताचे एकच पीक येते. खारवट जमिनीत तगणाऱ्या राता जातीच्या भाताची निवड शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' या नावाने नव्या जाती दिल्या. शेतालगतच्या तळ्यांतून जिताडा मासाही पाळला जातो.

परंतु बांधास खेकड्याने पाडलेले एक बीळही पुरे होते. त्यातून पाणी झिरपू लागते, उधाणात तेथे खांड पडते आणि मग प्रत्येक भरतीगणिक ती रुंदावत जाते. खांड एकाच्या शेतापाशी पडते, पण खारे पाणी सर्वांच्या शेतांत शिरते. याच कारणाने बांधाची निगा सर्वांनी मिळून राखण्याची रीत पडली. तिला 'जोळ' म्हणत. मात्र श्रम सर्वांचे असूनही पीक सर्वांचे नव्हते. खोतांना द्यावयाच्या वाट्याविरुद्ध चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सुमारे सहा वर्षे संप केला आणि आपली शेते पड ठेवली. पुढे १९३९ व १९४८ च्या कायद्यांनी कुळांच्या हक्कास आधार मिळाला.

१९४८ च्या व पुढे १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी बांधांचे काम शासनाकडे आले. त्यामुळे मोठी कामे होऊ शकली. पण जेथे गावाचे लक्ष उडाले व दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तेथे शेते ओसाड पडली आणि त्यांत तिवरे उगवली. तिवर हा शेतकऱ्याचा वैरी नव्हे. बांधाबाहेर तो लाटांचा जोर मोडतो व माशांच्या पिलांस आसरा देतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या नाशास राज्यभर मनाई केली, ती योग्यच होय. तथापि बांधाच्या आत तिवरांचे वन झाले की ते शेत परत मिळविणे दुर्घट होते. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली आहे आणि ती वाढतच आहे. म्हणून बांधाची निगा पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे.

हा पाठ सूसच्या वर्गातही प्रत्यक्ष शिकविता येईल. तीन कुंड्यांत भात पेरावे. पहिलीस गोडे पाणी द्यावे; दुसरीस लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून द्यावे. तिसरीच्या मातीस आधी तेच खारे पाणी द्यावे, मग तळाच्या भोकातून पाणी वाहून जाईल अशा बेताने ती अनेक वेळा गोड्या पाण्याने धुवावी आणि त्यानंतर पेरणी करावी. प्रत्येक कुंडीतील रोपांची उंची मुलांनी दर आठवड्यास वहीत नोंदवावी. ही नोंद पुरी झाल्यावर शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : खांड एकाच्या शेतापाशी पडली, तर ती बुजविण्यास कोणी जावे? त्याचे उत्तर मुलांस आपल्या आपण सापडले, तर भूगोलाबरोबर नागरिकशास्त्राचाही पाठ झाला असे समजावे.